विस्कॉन्सिन बॅजर्स हॉकी: पडलेला सीझन आणि पुढची भरती

मेंडोटाकाठी | ११ जुलै २०२५

गॅव्हिन मॅककेना, म्हणजे कॅनडाचा सध्या सगळ्यात गाजणारा तरुण आईस हॉकी खेळाडू, पेन स्टेट विद्यापीठाला जाणार हे जाहीर झाल्यापासून आमच्या मॅडिसनच्या ग्रुपवर, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बॅजर्स टीमच्या चाहत्यांत, एकच सूर लागलाय. असली पोरं आपल्याकडे का येत नाहीत, आपला प्रोग्रॅम संपला, कोच हेस्टिंग्जला नारळ द्या. मला यातलं काहीच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वस्तुस्थिती. २०२४-२५ चा सीझन १३ विजय, २१ पराभव, ३ बरोबरी असा गेला. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेतल्या १६ टीममध्ये नंबर लागायचा प्रश्नच नव्हता. आणि हे त्याच माइक हेस्टिंग्जच्या हाताखाली, ज्याने पहिल्याच वर्षी म्हणजे २०२३-२४ ला २६-१२-२ करून दाखवलं होतं. तेव्हा एनसीएए स्पर्धेत, प्रॉव्हिडन्स शहरात, क्विनिपिॲक विद्यापीठाकडून ओव्हरटाइममध्ये ३-२ ने हरलो, पण क्विनिपिॲक म्हणजे आदल्या वर्षीचे चॅम्पियन, त्यांना शेवटपर्यंत घाम फोडला होता. त्यामुळे ह्या वर्षी अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या आणि आपण तोंडावर आपटलो. वाईट सगळ्यांनाच वाटलं, मलाही फार वाटलं.

पण लोकं विसरतात की हे दुखणं जुनं आहे. सहा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत आपल्याकडे, १९७३, ७७, ८१, ८३, ९० आणि २००६. २०१० ला डेट्रॉइटमध्ये फायनलला बॉस्टन कॉलेजने ५-० ने धुतलं आणि त्यानंतर २०२५ पर्यंत एनसीएए स्पर्धेत एक सामना जिंकलेला नाही. २०१३, २०१४, २०२१, २०२४ असे चार वेळा गेलो आणि चारही वेळा पहिल्याच मॅचला घरी. मधे २०१४-१५ ला तर ४-२६-५ असा सीझन बघितलाय आपण. तेव्हा हे एका वर्षाचं किंवा एका कोचचं पाप नाही.

आता मुद्द्याचं. "मोठं नाव आणा" म्हणणाऱ्यांनी २०१९-२० चा सीझन आठवावा. टरकॉट, कॉफील्ड, होलोवे, के'आंड्रे मिलर, चौघेही एनएचएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक लीगच्या टीम तरुण खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीतले, चौघे एका टीममध्ये! कुठल्याही कॉलेजने हेवा करावा अशी भरती. निकाल काय, १४-२०-२ आणि बिग टेनमध्ये, म्हणजे आपल्या लीगमध्ये, सातपैकी सातवे. पुढच्या वर्षी कॉफील्डने ३१ मॅचमध्ये ३० गोल मारले, होबी बेकर (कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं अवॉर्ड) जिंकला, आपण बिग टेन जिंकलो आणि मग बेमिजी स्टेटकडून ६-३ हरून बाहेर. कॉफील्ड गेला, होलोवे गेला, पुढचं वर्ष १०-२४-३. तारे आले, चमकले, निघून गेले आणि खाली काही उरलंच नाही कारण तिसऱ्या-चौथ्या लाईनला (बर्फावर आळीपाळीने उतरणाऱ्या फळ्यांत) वयाने पिकलेली पोरं नव्हती.

हॉकी ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना दुसरा पिरियड, म्हणजे तीनपैकी मधला, काय असतो ते माहितीये. बाजू बदलल्यामुळे आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. समोरच्याने पक (खेळायची रबरी चकती) आपल्या झोनमध्ये अडकवून ठेवला की आपले दोन डिफेन्समन दमले तरी बदलायला बेंचपर्यंत जाताच येत नाही. अशा वेळी १८ वर्षांचं पोरगं घाबरून पक सरळ त्या टोकाला फेकून देतं, आयसिंग होतं, आणि आयसिंग झालं की नियमाने तेच दमलेले पाच जण पुन्हा आपल्याच गोलपाशी फेसऑफला उभे. तोंड उघडं, स्टिक गुडघ्यावर आडवी, मान खाली. पुढच्या दहा सेकंदात गोल. तेच काम २२ वर्षांचा करतो तेव्हा तो पक बोर्डाला दाबून धरतो, एक धक्का खातो, बोर्डावरून हळूच काचेला लावून मधल्या रेड लाईनपर्यंत पोचवतो आणि मग बदलतो. ह्यात हायलाईट काहीच नसतं पण सीझन ह्यावर ठरतो. गेल्या सीझनला हे दृश्य इतक्यांदा दिसलं की कोह्ल सेंटरमध्ये, आपल्या घरच्या स्टेडियमात, दुसरा पिरियड सुरू झाला की पोटात गोळा यायचा.

आणि दुसरं कारण गोलकीपर. काइल मॅकक्लेलनने २०२४ ला माइक रिक्टर अवॉर्ड जिंकलं, देशातला सर्वोत्तम गोलकीपर. तो गेला. असा माणूस गेल्यावर जी भोकं त्याने झाकलेली असतात ती सगळी एकदम उघडी पडतात. मला तरी वाटतं की पहिल्या वर्षाची टीम आपल्याला वाटली तेवढी ग्रेट नव्हती आणि दुसऱ्या वर्षाची दिसली तेवढी टाकाऊ नव्हती.

पुढच्या भरतीबद्दल खाली लिहितो, आधी तुमची मतं येऊ द्या.

---

जुना_बॅजर | ११ जुलै २०२५

फार छान मांडलंत. मी ८० साली इथे एमएसला आलो तेव्हा डेन काउंटी कोलिझियममध्ये मॅच व्हायच्या. बर्फावरची हॉकी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो आणि पहिल्याच हिवाळ्यात वेड लागलं. कोच बॅजर बॉब जॉन्सनची ८१ ची टीम, मग कोच जेफ सॉअरची ८३ ची. तेव्हा समोरच्या गोलकीपरला "सीव्ह, सीव्ह" (चाळणी) म्हणून ओरडणारे विद्यार्थी आजही ओरडतात हे बघून बरं वाटतं.

माझं दुःख वेगळं आहे. २०१३ ला बिग टेन हॉकी सुरू झाली आणि आपली जुनी लीग, डब्ल्यूसीएचए, मोडली. नॉर्थ डकोटा, डेन्व्हर, कोलोरॅडो कॉलेज यांच्याशी दरवर्षीची जी खुन्नस होती ती गेली. शुक्रवार-शनिवार नॉर्थ डकोटा गावात आली की स्टेट स्ट्रीटवर हिरवे जर्सीवाले दिसायचे आणि रक्त सळसळायचं. कोह्ल सेंटर १५ हजारांचं, एकेकाळी देशात सगळ्यात जास्त प्रेक्षक आपल्याकडे, आणि आता वरचा मजला ओस पडलेला असतो. २०१० ला कॅम्प रँडल स्टेडियममध्ये उघड्यावर मिशिगनशी मॅच झाली तेव्हा ५५,०३१ लोक होते, थंडीत! हा प्रेक्षक कुठे गेला? नवं पोरगं कॅम्पस बघायला येतं तेव्हा तो रिकामा मजलाही बघतं हो.

---

पुणेरी_प्रश्न | १२ जुलै २०२५

वाचतोय, पण आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी जरा उलगडून सांगा. हा मॅककेना कॅनडाचा, आधी पण कॅनडाची मुलं अमेरिकेत कॉलेजला खेळायचीच ना? मग यावर्षी एवढा गाजावाजा का? आणि कॉलेज हॉकीत २१ वर्षांचा मुलगाही फर्स्ट इयरला असतो असं ऐकलं, ते कसं?

---

मेंडोटाकाठी | १२ जुलै २०२५

@पुणेरी_प्रश्न, चांगलं विचारलंत, सगळी गोम तिथेच आहे.

कॅनडात मेजर ज्युनियरच्या, म्हणजे साधारण १६ ते २० वयाच्या पोरांच्या, तीन लीग आहेत, पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ओंटारियोची ओएचएल आणि क्वेबेकची. तिघींना मिळून सीएचएल म्हणतात. तिथे पोरांना महिन्याला काहीशे डॉलर खर्चाला मिळतात आणि त्यांच्यात एनएचएलशी करार केलेली पोरंही खेळतात, म्हणून एनसीएए इतकी वर्षं म्हणत आली की हे प्रोफेशनल आहेत. म्हणजे १६व्या वर्षी एखाद्याने तिथे मॅच खेळली की अमेरिकन कॉलेजचं दार जवळजवळ बंद. म्हणून कॉलेजला जायचं ठरवलेली कॅनडाची मुलं ब्रिटिश कोलंबियाच्या लीगसारख्या दुसऱ्या वाटेने यायची, आणि अमेरिकन मुलं यूएसएचएल ह्या अमेरिकेतल्या ज्युनियर लीगमधून.

७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएने हा नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. म्हणजे अजून तीन आठवड्यांनी हा सगळा तलाव खुला होतोय. मॅककेना डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट टायगर्सचा, २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला जाईल असं सगळे म्हणतात. एक वर्ष खेळणार आणि जाणार. पेन स्टेटला ते परवडतं, टेरी पेगुलाच्या देणगीतून उभं राहिलेलं स्टेडियम आहे, यंदा पहिल्यांदाच फ्रोझन फोर (एनसीएएच्या शेवटच्या चार टीम) गाठलंय, त्यांना नाव हवंय. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता.

पण माझ्या मते आपल्यासाठी खरी बातमी वेगळी आहे. सीएचएलच्या प्रत्येक टीमला २० वर्षांचे फक्त तीन खेळाडू ठेवता येतात. उरलेली पोरं जातात कुठे? आतापर्यंत कॅनडाच्या विद्यापीठांत, नाहीतर खालच्या प्रोफेशनल लीगमध्ये, नाहीतर हॉकी सोडून. लक्षात घ्या, ही अशी पोरं आहेत जी १६ पासून मोठ्या मॅचेस खेळलीत, बसने रात्र-रात्र प्रवास केलाय, फटके खाल्लेत आणि दिलेत. ड्राफ्टमध्ये गेली नाहीत म्हणून नाव नाही. हीच पोरं आता २० व्या-२१ व्या वर्षी फ्रेशमन म्हणून येऊ शकतात. कॉलेज हॉकीत बारावीनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर खेळून यायची रीत आधीपासूनच आहे, त्यामुळे २० चा फ्रेशमन ही काही नवलाई नाही.

आणि हेस्टिंग्जचा इतिहास बघा. इथे येण्याआधी मिनेसोटा स्टेट मँकेटो विद्यापीठात त्याने ११ वर्षांत जे उभं केलं ते कुणी न विचारलेल्या, वयाने मोठ्या, कामसू पोरांवर. २०२१ ला फ्रोझन फोर, २०२२ ला फायनल. ड्रायडन मॅके हा ड्राफ्टमध्ये न गेलेला गोलकीपर तिथे होबी बेकर जिंकला! इथे आला तेव्हाही सिल्ये, टॅसी, फिट्झजेराल्ड यांना मँकेटोहून सोबत घेऊन आला आणि त्यांच्याच जिवावर पहिलं वर्ष निघालं. नवा नियम जणू त्याच्यासाठीच केलाय.

---

गोफर_मिनेसोटा | १२ जुलै २०२५

शेजारच्या राज्यातून नमस्कार. आमची पाच विजेतेपदं, तुमची सहा, हे दरवेळी ऐकून घेतो तरी इथे येतो.

विश्लेषण मान्य, पण एक बाजू सुटतेय. नियम फक्त हेस्टिंग्जसाठी बदललेला नाही, सगळ्यांसाठी बदललाय. २० वर्षांची अनुभवी पोरं उद्या मँकेटोलाही मिळणार, अलास्कालाही मिळणार. मग फरक कशाने पडणार? पैशाने. ६ जूनला हाउस केसमधल्या (कॉलेज खेळाडूंच्या पैशाचा खटला) तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली, आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल २०.५ मिलियन डॉलर सगळ्या खेळांत मिळून. त्यातला मोठा वाटा फुटबॉल खाणार, मग बास्केटबॉल, हॉकीच्या पानात काय पडेल ते पडेल. कुठलं विद्यापीठ हॉकीला किती वाढतंय यावर पुढची पाच वर्षं ठरतील. विस्कॉन्सिनसारख्या फुटबॉलवेड्या शाळेत हॉकीच्या ताटात किती येणार ही मला शंका आहे.

शिवाय रोस्टर, म्हणजे टीममधली एकूण पोरं, आता २६ चं. स्कॉलरशिप आधी १८ होत्या, आता २६ च्या २६ जणांना देता येतात, पण २७ वा पोरगा ठेवता येत नाही. कोचला आता थांबून बघू, दोन वर्षांत तयार होईल असं म्हणायची सोय राहिली नाही.

---

निळी_रेघ | १३ जुलै २०२५

गोफर यांच्याशी अर्धी सहमत. पैसा लागतोच. पण यंदाचं विजेतेपद कुणी नेलं? वेस्टर्न मिशिगनने! कलामझूची शाळा, २०२२ पर्यंत एनसीएएमध्ये एक मॅच जिंकलेली नव्हती, कॅप्टन टिम वॉश पाचव्या वर्षाचा, आणि त्यांनी सेमीफायनलला डेन्व्हरला डबल ओव्हरटाइममध्ये आणि फायनलला बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असं हरवलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीकडे ड्राफ्ट झालेल्या पोरांची काय कमी होती का?

आणि मिशिगन स्टेट बघा. २०१२ नंतर २०२४ पर्यंत एनसीएएचं तोंड बघितलं नव्हतं त्यांनी. २०२२ ला कोच नाइटिंगेल आला आणि २०२४, २०२५ लागोपाठ बिग टेन. पडलेला प्रोग्रॅम दोन-तीन वर्षांत उठतो, पण मधल्या एका वाईट सीझनला घाबरून कोच बदलला तर नाही उठत, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आपण ईव्ह्ज, ग्रॅनॅटो असे दोघे घालवले, तिसऱ्याला दुसऱ्याच वर्षी घालवायचं म्हणजे कमाल आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? त्याच विद्यापीठात, कोह्ल सेंटरला चिकटून असलेल्या लाबान अरीनात आपल्या मुली खेळतात. यंदा ३८-१-२. मार्चमध्ये फायनलला ओहायो स्टेटशी शेवटची २० सेकंदंसुद्धा उरली नव्हती, आपण ३-२ ने मागे, आणि कर्स्टन सिम्सने पेनल्टी शॉटवर बरोबरी केली, मग ओव्हरटाइमला तिनेच गोल मारला. आठवं विजेतेपद! मार्क जॉन्सन २००२ पासून कोच आहे, बॅजर बॉबचा मुलगा, १९८० च्या ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत युनियनविरुद्ध दोन गोल मारणारा. एकच माणूस, एकच पद्धत, वर्षानुवर्षं. पोरी तिथे जातात कारण त्यांना माहितीये की चार वर्षांनी त्या कशा खेळाडू होऊन बाहेर पडतील. मुलांच्या टीमला हे सांगता यायला हवं. रिक्रूटिंगचं अर्धं काम तिथेच होतं.

---

मुग्धा_वेरोना | १३ जुलै २०२५

मी ह्या सगळ्याकडे आई म्हणून बघते. मुलगा १४ चा आहे, डिफेन्स खेळतो, सकाळी साडेपाचचा आईस टाइम म्हणजे काय ते आमच्या घराला विचारा, गाडीत हीटर लावून त्याला पोहे भरवत नेलंय. तो काही मोठा स्टार नाही, पण मनापासून खेळतो आणि बॅजर जर्सीचं स्वप्न बघतो.

आता ऐकते की कॅनडातून २० वर्षांची तयार मुलं येणार, रोस्टर २६ वर बंद. मग इथल्या विस्कॉन्सिनच्या मुलांना जागा कुठे उरली? आधी निदान चौथ्या लाईनला, नाहीतर वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारा) म्हणून गावातला मुलगा असायचा. त्याचे आजी-आजोबा, शाळेतले मित्र, अख्खं गाव मॅचला यायचं. तुम्ही वर रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोललात ना, त्या खुर्च्या अशाने भरतात असं मला वाटतं.

---

जुना_बॅजर | १३ जुलै २०२५

मुग्धाताई, अगदी मनातलं बोललात. पॅव्हेल्स्की प्लोव्हरचा, बुरिश मॅडिसनचाच, ही २००६ च्या टीममधली आपल्याच मातीतली पोरं. त्या वर्षी ग्रीन बेला कॉर्नेलशी तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत ०-० चाललेली मॅच जॅक स्किल ह्या खेळाडूच्या गोलने १-० जिंकली, आणि मग मिलवॉकीत फायनलला बॉस्टन कॉलेजला २-१. शेवटच्या क्षणी त्यांचा पक पोस्टला लागला, अख्खं ब्रॅडली सेंटर श्वास रोखून उभं होतं. त्या टीमसाठी लोकं तिकिटाला रांगा लावायचे ते विजेतेपदासाठी नाही, ओळखीची पोरं होती म्हणून.

---

मेंडोटाकाठी | १४ जुलै २०२५

मुग्धाताई, तुमची काळजी अगदी खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. जागा कमी होणार. पण मुलगा १४ चा आहे, नियमाने कोच दहावीच्या वर्षी १ जानेवारीच्या आधी त्याच्याशी बोलूसुद्धा शकत नाहीत, ऑफर तर अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टनंतरच. पूर्वी १४-१५ च्या पोरांकडून शब्द घेऊन ठेवायचे, तो प्रकार बंद झाला हे मुलांच्या दृष्टीने चांगलंच झालं. आता त्याची वाट लांब झालीय, बारावीनंतर दोन वर्षं ज्युनियर खेळूनच बहुतेक जातात. तेव्हा आत्ता त्याला भरपूर खेळू द्या, आणि खेळायला मिळेल अशा टीममध्ये ठेवा, नावाच्या टीममध्ये बेंचवर नको.

@गोफर, पैशाचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यात एक आपल्या लोकांना लगेच कळेल अशी अडचण आहे. कॅनडाची पोरं येतात एफ-वन ह्या विद्यार्थी व्हिसावर, तोच आपण सगळे ज्यावर आलो. कॅम्पसवर आठवड्याला २० तास, बाहेर काम म्हणजे परवानगीची भानगड. मग ह्या पोरांना विद्यापीठाने पैसे दिले किंवा त्यांनी जाहिरात केली तर ते काम धरायचं का? यावर अजून कुठेच स्पष्ट उत्तर नाही, आणि एका चुकीने पोराचं स्टेटस जाऊ शकतं. तेव्हा कॅनडाच्या बऱ्याच पोरांसाठी स्कॉलरशिप, डिग्री, चांगला कोच आणि खेळायला मिळणारी मिनिटं ह्याच गोष्टी अजून वजनदार आहेत. तिथे आपण कुणाला हार जाणार नाही.

आता पुढच्या वर्षीचं. आपला डिफेन्समन लोगन हेन्सलरला गेल्या महिन्यात एनएचएल ड्राफ्टमध्ये ओटावाने २३ व्या नंबरवर घेतलं आणि तो परत येतोय. पहिल्या वर्षी दुसऱ्या पिरियडला त्याच्यावर जे गुदरलं ते खाऊन तो परत येतोय हे महत्त्वाचं. क्विन फिनली आहे. कॅल्गरी हिटमेनकडून ऑलिव्हर टल्क येतोय आणि गोलकीपर डॅनियल हाउझर येतोय, डब्ल्यूएचएलमध्ये बरीच वर्षं खेळून मुरलेला. ड्राफ्टमध्ये नाव नाही, टीव्हीवर बातमी नाही. मला मॅककेनापेक्षा हा गोलकीपर आपल्याला जास्त हवा होता, आणि तो आलाय.

---

निळी_रेघ | २९ जुलै २०२५

पोर्टर मार्टोनपण मिशिगन स्टेटला चाललाय. ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने सहाव्या नंबरवर घेतलेला. म्हणजे बिग टेनमध्ये आपल्याला पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट दोघांशी ह्या लेव्हलच्या पोरांसमोर उभं राहायचंय. तरी मी मेंडोटाकाठींच्याच बाजूने आहे. मार्टोनला थांबवायला दुसरा मार्टोन लागत नाही, दोन समजूतदार डिफेन्समन आणि डोकं शांत असलेला गोलकीपर लागतो. फक्त पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना गोल वाचवण्यावर) काम व्हायला हवं, ह्या पोरांना पॉवर प्लेला, म्हणजे त्यांचा एक खेळाडू जास्त असताना, मोकळी जागा दिली तर मग देवच वाचवो.

---

गोफर_मिनेसोटा | २९ जुलै २०२५

हाउझरबद्दल इकडेही चांगलंच ऐकतोय. पण डब्ल्यूएचएलमधून आल्यावर शुक्रवार-शनिवार असं आठवड्याला दोनच मॅच हे वेळापत्रक गोलकीपरला सवयीचं व्हायला वेळ जातो, ऑक्टोबरमध्ये चार-पाच गोल खाल्ले की लगेच त्याच्या नावाने शंख करू नका एवढंच सांगेन. आमच्याकडे लोकं करतात.

---

मेंडोटाकाठी | ३० जुलै २०२५

नाही करणार. आणि मुग्धाताई, ऑक्टोबरच्या पहिल्या घरच्या सिरीजला मुलाला घेऊन या, विद्यार्थ्यांच्या सेक्शनच्या समोरच्या कोपऱ्यात खाली बसलं की दुसऱ्या पिरियडला आपले डिफेन्समन अगदी समोर दिसतात. जुने बॅजर काकापण येणार असतील तर एकत्रच तिकिटं काढू, मी बघतो.